सहा सुवर्णं आणि एक ताठ दोरा

शनिवारी, ८ मार्चला दुपारी इथल्या ग्रानोसेन मैदानात ओरडून ओरडून माझा घसा बसला. २०११ च्या वर्ल्ड कपच्या रात्रीनंतर खेळासाठी मी एवढा ओरडल्याचं आठवत नाही. त्याच संध्याकाळी, त्याच मैदानाशेजारच्या उतारावर जे घडलं, त्यानंतर ऑफिसमधले माझे नॉर्वेजियन सहकारी एकमेकांच्या नजरा टाळत कॉफी पीत आहेत. दोन्ही गोष्टी एकाच संघाच्या आहेत, म्हणून एकत्र लिहितोय.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नॉर्डिक स्कीइंगची जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. २०२५ मध्ये ती २६ फेब्रुवारी ते ९ मार्चदरम्यान आमच्या ट्रॉन्डहाइममध्ये झाली. यात मुख्य प्रकार दोन. एक क्रॉस-कंट्री, म्हणजे बर्फावरून चढउतार पार करत लांबच लांब जाणं. दुसरा स्की जम्पिंग, म्हणजे उंच उतारावरून ताशी नव्वदच्या आसपास वेगाने घसरत येऊन हवेत झेप घ्यायची आणि शंभर-सव्वाशे मीटर लांब जाऊन उतरायचं. दोन्हींचा एकत्र असा तिसरा प्रकारही आहे. नॉर्वेत या खेळांचं स्थान समजावून सांगायचं तर आपल्याकडच्या क्रिकेटचं उदाहरण देऊनही पुरत नाही. क्रिकेट आपण घेतलं आणि आपलंसं केलं. हे लोक मात्र स्की आपल्याच दारात जन्मली असं मानतात, आणि ते फार खोटंही नाही.

या स्पर्धेत योहानेस क्लेबो या २८ वर्षांच्या खेळाडूने क्रॉस-कंट्रीच्या सहा शर्यतींत भाग घेतला आणि सहाही जिंकल्या. स्प्रिंटसारखी काही मिनिटांची शर्यतही त्याची आणि ५० किलोमीटरचीही त्याची. म्हणजे शंभर मीटर धावणारा आणि मॅरेथॉन धावणारा एकच माणूस, आणि दोन्हीकडे पहिला! एका जागतिक स्पर्धेत सहा सुवर्णपदकं आजवर कुणी मिळवली नव्हती. तो वाढला याच गावात. त्याचे प्रशिक्षक म्हणजे त्याचे सख्खे आजोबा, कोरे होसफ्लोत. नातवाच्या सरावाची आखणी करणारे आजोबा म्हटल्यावर माझ्या आईला तो एकदम घरचा वाटायला लागला. व्हिडिओ कॉलवर ‘आपला तो मुलगा जिंकला का रे?’ असं ती विचारायची. पाऊस, ओला बर्फ, चिखल, कशाचीच पर्वा न करता गर्दी लोटत होती. हजारो स्वयंसेवक, त्यांत आमच्या ऑफिसमधलेही काही, सुट्टी टाकून पार्किंगपासून सूप वाटण्यापर्यंत सगळी कामं करत होते.

५० किलोमीटरच्या शर्यतीत क्लेबोने शेवटच्या टप्प्यात स्वीडनच्या पोरोमाला मागे टाकलं. तिथपर्यंत सगळं छान होतं.

संध्याकाळी पुरुषांची मोठ्या उतारावरची उडी होती. नॉर्वेचा मारियुस लिंडविक दुसरा आला, योहान आंद्रे फोरफांग पाचवा. लिंडविक म्हणजे साधासुधा खेळाडू नव्हे. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मोठ्या उतारावरचं सुवर्ण त्याचं होतं, आणि या स्पर्धेतही आठवड्याभरापूर्वी लहान उतारावरचं सुवर्ण त्याने जिंकलं होतं. पण तोवर एक चोरून टिपलेली चित्रफीत बाहेर आली होती. पडद्याआड शिलाई मशिनवर उडीचे पोशाख शिवले जात आहेत आणि मुख्य प्रशिक्षक मागनुस ब्रेविग तिथेच हजर आहे, असं तिच्यात दिसत होतं. इतर संघांनी तक्रार केली. पोशाखांचे टाके उसवून पाहिलं, तर आत नियमात न बसणारा जाड, ताठ दोरा. दोघेही बाद झाले. रविवारी नॉर्वेच्या स्की जम्पिंग विभागाचे प्रमुख यान-एरिक ओल्बू यांनी यंत्रणेला फसवण्याचा प्रयत्न झाल्याचं पत्रकारांसमोर कबूल केलं. खेळाडूंना याची कल्पना नव्हती, असंही ते म्हणाले. लिंडविक आणि फोरफांगही तेच सांगतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने चौकशी लावली आणि प्रशिक्षक, कर्मचारी आणि हे दोन खेळाडू यांना तात्पुरतं निलंबित केलं.

एका दोऱ्याने एवढं काय होतं? माझे बाबा इचलकरंजीचे, आयुष्य कापडात गेलेलं. त्यांना सांगितल्यावर दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं. ‘म्हणजे कॉलरीत बकरम घालतात तसं,’ ते म्हणाले. अगदी तसंच. हवेत झेपावलेला माणूस दोन्ही पाय फाकवून पुढे झुकलेला असतो. दोन पायांच्या मधला कापडाचा भाग ताणून राहिला, तर तो शिडासारखा काम करतो आणि माणूस थोडा जास्त वेळ हवेत तरंगतो. तोच भाग सैल पडून फडफडला, तर उचल कमी मिळते. म्हणूनच पोशाख किती ढगळ असावा, कापडातून किती हवा आरपार जावी, याचे बारीकसारीक नियम आहेत. आणि म्हणूनच या खेळात शिंप्याचं महत्त्व प्रशिक्षकाइतकंच असतं. बीजिंगमध्ये मिश्र सांघिक उडीत एकाच दिवशी पाच महिला खेळाडू पोशाखावरून बाद झाल्या होत्या. जपान, ऑस्ट्रिया, जर्मनीची एकेक आणि नॉर्वेच्या दोन. त्यामुळे ‘सगळेच करतात’ हा बचाव इथेही ऐकू येतोय. माझ्या मते तो चालणार नाही. बेतताना इंच-अर्धा इंच जास्त ठेवून तपासनीस काय म्हणतो ते बघणं वेगळं. तपासनिसाने पास केलेला पोशाख पुन्हा उसवून त्यात काहीतरी दडवून शिवणं वेगळं.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. त्या मोसमापासून महासंघाने प्रत्येक पोशाखात चिप बसवली होती. पोशाख तपासायचा, ठीक असला तर चिपची नोंद करायची, आणि स्पर्धेच्या दिवशी चिप वाचून खात्री करायची. ऐकायला भक्कम वाटतं. पण चिप सांगते काय? ‘तपासलेला पोशाख तो हाच.’ ‘तपासला तेव्हा होता तसाच तो आताही आहे,’ हे ती सांगत नाही. आम्ही तपासून मंजूर केलेल्या फाइलची एक खूण काढून ठेवतो. आतलं एक अक्षर बदललं तरी ती खूण जुळत नाही आणि चोरी पकडली जाते. कापडाची अशी खूण काढता येत नाही. आपल्याकडे वजनमापं खात्याचा शिक्का मारलेल्या तागडीच्या पारड्याखाली चिंच चिकटवायचे, तसाच हा प्रकार. शिक्का खरा, तागडीही तीच, पण माल कमी. तपासणी आणि उडी यांच्या मधल्या काळात पोशाख कुणाच्या ताब्यात होता, हा खरा प्रश्न आहे. महासंघालाही ते उशिरा का होईना कळलं. उरलेल्या मोसमासाठी मग प्रत्येक खेळाडूला एकच पोशाख, आणि दोन स्पर्धांच्या मधे तो महासंघाकडेच जमा, असं ठरलं.

हे आधीच का केलं नाही? माझं उत्तर इथल्या बऱ्याच लोकांना आवडत नाही. ते असं, की उत्तर युरोपातल्या संघांवर कुणी मनापासून संशयच घेत नव्हतं. नॉर्वेजियन भाषेत ‘तिलित’ म्हणजे विश्वास, आणि तो या समाजाचा खरोखरीचा पाया आहे. शेताच्या कडेला बटाट्याच्या पिशव्या आणि पैशाचा डबा ठेवून शेतकरी घरी जातो. मी इथे आलो तेव्हा पहिले सहा महिने या गोष्टींचे फोटोच काढत होतो. पण पैसे टाकले नाहीत तर कुणी बघत नाही, हे ठाऊक असूनही पैसे टाकणाऱ्यांमुळे तो डबा चालतो. जागतिक स्पर्धेच्या तपासणी खोलीत असा डबा ठेवून कसं चालेल?

आणि नॉर्वेच्या संघाची पाटी तशी कोरी नव्हतीच. २०१६ मध्ये मार्टिन यॉन्सरुड सुंदबी याच्यावर दम्याच्या औषधाच्या मात्रेवरून कारवाई झाली आणि त्याचं टूर द स्कीचं एक विजेतेपद गेलं. त्याच वर्षी थेरेसा योहाऊगच्या नमुन्यात ओठांच्या मलमातून आलेलं प्रतिबंधित द्रव्य सापडलं. तिला अठरा महिन्यांची बंदी भोगावी लागली आणि २०१८ चं ऑलिंपिक हुकलं. दोन्ही वेळी वैद्यकीय पथकाची चूक, असं सांगण्यात आलं आणि देशाने ते मानलं. मीही मानतो. तरी तीच सफाई रशियन खेळाडूने दिली असती तर इथल्या किती जणांनी मानली असती, असं मी एकदा जेवणाच्या टेबलावर विचारलं होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

रशियाचा विषय उगाच काढलेला नाही. याच ट्रॉन्डहाइममध्ये १९९७ साली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा रशियाच्या येलेना व्याल्बेने महिलांच्या पाचही शर्यती जिंकल्या होत्या. क्लेबोच्या आधीचं मोठं उदाहरण तेच. पुढे त्या रशियाच्या स्की महासंघाच्या प्रमुख झाल्या आणि २०२२ पासून या स्पर्धेपर्यंत त्यांचे खेळाडू अशा स्पर्धांना येऊ शकत नव्हते. त्याचं कारण युद्ध होतं, टाके किंवा औषधं नव्हती, आणि ते कारण मला पटतं. पण स्वच्छ खेळावर जगाला प्रवचन देण्याचं काम जे देश करत होते, त्यांत नॉर्वे पुढे होता. आता काही वर्षं तरी ते जमणार नाही.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि इथल्या स्की क्लबमध्ये जातो. लहान मुलांच्या स्पर्धांत इथे क्रमांक काढत नाहीत. दहा वर्षांपर्यंत निकालाची यादीच लावायची नाही, असा राष्ट्रीय नियम आहे. पहिल्या वर्षी त्याने करंडक घरी आणला तेव्हा मी आनंदाने विचारलं, ‘कितवा आलास?’ तर म्हणाला, ‘सगळ्यांना मिळाला.’ मला ते पचायला दोन वर्षं लागली. आमच्या शाळेत खो-खोच्या संघात वयाचा दाखला ‘करून आणलेली’ दोन मुलं होती. सरांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं, जिल्ह्याचा चषक आला तेव्हा मिरवणूक निघाली आणि मीही त्यात नाचलो. इथली पद्धत बघून वाटायचं, की जिंकण्याची एवढी घाई नसलेल्या लोकांत हे घडणारच नाही. नऊ मार्चला मुलाने विचारलं, ‘बाबा, दोरा कुणी शिवला ते त्या दादांना खरंच माहीत नव्हतं का?’ नाही म्हणतात, एवढंच मी सांगू शकलो. स्वतःच्या अंगावर रोज चढवायचा पोशाख, मिलिमीटरच्या फरकाने उडी बदलते, आणि त्यातला ताठरपणा हाताला लागत नाही? होऊही शकतं. पण मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलांनाही ‘माहीत नव्हतं’ म्हणता आलं असतं.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. एका दिवसात कबुली आली. परदेशी माध्यमांचं कारस्थान, शत्रूंना आमचं यश बघवत नाही, असं म्हणणारे अगदी थोडे निघाले. इथल्या वाहिन्यांनीच आपल्या संघाला सगळ्यात कठोर प्रश्न विचारले. हा कबुलीजबाब चित्रफितीशिवाय आला असता का, याबद्दल मला शंका आहे. पण आल्यावर तो चौकशीविना विझला नाही.

क्लेबोच्या सहा पदकांना याचा डाग लागतो का? अजिबात नाही. त्याचा उतार वेगळा, प्रशिक्षक वेगळे, शर्यत वेगळी. तरीही वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो एकच दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी तिथे शिलाई मशिन होतं.

रविवारी बाबांचा पुन्हा फोन आला. सगळी बातमी वाचून काढली होती त्यांनी. म्हणाले, ‘असा दोरा कुठल्याही दुकानात मिळत नाही बरं. कुणीतरी शोधून आणला असणार, पैसे दिले असणार, पावती असणार. कुणाला माहीत होतं ते नंतर विचारा. आधी पावती कुणाच्या नावाची ते बघा म्हणावं.’