मुरलेल्या खेळाडूचे मोल

शेतकरी पोक्त बैल घेताना दात पाहतो. परंतु तेवढ्यावर थांबत नाही. बैल चालवून पाहतो, आपल्या घरच्या बैलाशी त्याची जोडी जमेल काय, याचा मनाशी हिशेब करतो. माणसाची तुलना बैलाशी करणे कोणास रुचणार नाही. पण खेळाडूला लिलावात उभे करून ती तुलना आयपीएलच्या बाजारानेच केली आहे, आणि तीही शेतकऱ्याच्या निम्म्या शहाणपणाने.

संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेचेच पाहावे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानने त्याला दिल्लीकडे दिले व बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे दोन फिरकी गोलंदाज घेतले. रहाणे तेव्हा ३१ वर्षांचा होता. २०२० च्या हंगामात त्याच्या ९ सामन्यांत ११३ धावा झाल्या. तेवतियाने मात्र शारजात एकाच षटकात ५ षटकार ठोकले. सौदा राजस्थानला लाभला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु रहाणे संपला, हा बाजाराने त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये चेन्नईने त्याला अवघ्या ५० लाखांत घेतले, मोकळेपणाने खेळू दिले, आणि विजेतेपदाच्या त्या हंगामात त्याने शंभर चेंडूंमागे १७२ च्या गतीने ३२६ धावा केल्या. माणूस तोच, बदलली ती त्याच्या भोवतीची कामाची मांडणी. श्रमाची उत्पादकता एकट्या श्रमिकात कधीच नसते, हा अर्थशास्त्रातला जुना धडा येथे पैसेवाल्यांना पुन्हा गिरवावा लागला.

तरीही तो पचला नाही. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात आरंभी कोणी बोलीच लावली नाही; शेवटी कोलकात्याने दीड कोटीत घेतले व कर्णधार केले. त्याच संघाने वेंकटेश अय्यरसाठी २३.७५ कोटी मोजले होते. २०२५ मध्ये रहाणेच्या धावा ३९०, अय्यरच्या १४२. (संघ आठवा आला, ही गोष्ट वेगळी.)

अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूची १९७० साली सिनसिनाटीहून मिलवॉकीला अशीच अदलाबदल झाली. तोही तेव्हा ३१ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी मिलवॉकी विजेता ठरला. पण त्याचे मोल तेवढ्यावर ठरत नाही. तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. खेळाडूला एकाच मालकाशी जखडणाऱ्या नियमाविरुद्ध त्याच्या नावाने १९७० साली दावा गुदरला गेला. १९७६ च्या तडजोडीने संघ निवडण्याच्या स्वातंत्र्याची वाट खुली झाली.

आपल्याकडे अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते खरी. परंतु लिलावात तो फक्त आपली मूळ किंमत सांगू शकतो, मालक निवडू शकत नाही. २०१९ साली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, ती निवृत्त खेळाडूंची. म्हणजे संघटनेचे दार उघडते, तेव्हा त्याच्यावर बोली लावणारे केव्हाच उठून गेलेले असतात.