चावणारे पिल्लू आणि गप्प राहिलेली मुलगी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतल्या एका घरी कुत्र्याचे पिल्लू आले. आले म्हणजे थोरल्या मुलाने ते गटाराच्या कडेवरून उचलले आणि गोणपाटात गुंडाळून घरी आणले. दीडेक महिन्याचे असेल. पहिले चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. वहिनींच्या साडीचा काठ ओढतो, मुलांच्या पोटऱ्यांना दात लावतो, पेपर वाचायला बसले की पायाचा अंगठा धरतो. घरचे कर्ते भाऊ कारखान्यातून दमून येणारे. एका रात्री ते चिडून म्हणाले, "आता पुन्हा कुणाला चावले तर नाक्यापलीकडे नेऊन सोडतो!"

त्यानंतर चार-पाच दिवसांनी त्यांची आठ वर्षांची मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली. उजवा हात फ्रॉकच्या खिशात. म्हणाली, "काका, बाबांना सांगणार नाही ना?" हात बाहेर काढला तर अंगठ्याच्या मुळाशी दातांच्या दोन खुणा, सुकलेले रक्त आणि त्यावर थापलेला चुना. जखम दोन दिवसांची होती. पिल्लू घराबाहेर जाईल या भीतीने पोरीने दोन दिवस हात लपवला होता.

वाचकहो, ते दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून आज या सदरात हा विषय घेतला आहे.

प्रथम पिल्लू का चावते ते समजून घेऊ. कुत्र्याला हात नाहीत. उचलणे, चाचपणे, खेळणे ही सगळी कामे तो तोंडानेच करतो. पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. ते 28 असतात आणि सुईसारखे टोकदार असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून जे मिळेल ते पिल्लू चावते.

दुसरे कारण शिकवणीचे. भावंडांत खेळताना एखादे जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. त्यातून दात किती जोरात लावावेत हे पिल्लू शिकते. म्हणून आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडू नये. आधीच तुटलेले असेल तर ही शिकवण आपल्या घरालाच द्यावी लागते.

ती कशी द्यावी? पहिली गोष्ट, मारू नका. थोबाडीत मारणे, तोंड दाबून धरणे, नाक घासणे यांनी पिल्लू शहाणे होत नाही. ते हाताला घाबरते, आणि घाबरलेला कुत्रा पुढे खरोखर चावतो.

दुसरी गोष्ट, दात लागताच खेळ बंद. हात ओढून घेऊ नका, झटकू नका, पळू नका. हलणारी वस्तू पकडायची हा त्याचा स्वभाव आहे. हात सैल सोडा, गप्प उभे राहा, तोंड फिरवा. तरी थांबत नसेल तर अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जा आणि मग परत या. चावले की सोबती जातो, एवढा हिशेब पिल्लाला लवकर कळतो. मात्र घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. एकाने रागवायचे आणि दुसऱ्याने हाताशी झोंबू द्यायचे, असे झाले तर ते काहीच शिकणार नाही.

तिसरी गोष्ट, चावायला हक्काची वस्तू द्या. जुन्या फडक्याला दोन-तीन घट्ट गाठी मारा, किंवा ते ओले करून थंड करून द्या. गार गाजरही चालते, पण समोर बसून द्यावे. जुनी चप्पल मात्र खेळायला देऊ नका. जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कळत नाही. शिजवलेले हाड तर मुळीच नको. त्याचे तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात.

चौथी गोष्ट झोपेची. लहान पिल्लाला दिवसाचे अठरा तासांच्या आसपास झोप लागते. संध्याकाळी सगळी मुले भोवती जमली की पिल्लू थकते आणि थकलेले पिल्लू जास्त चावते. त्याला एक कोपरा द्या, पोते अंथरा आणि तिथे असताना कुणी हात लावू नये असे मुलांना बजावा. खाताना व झोपलेले असताना त्याला छेडू नये. लहान मूल आणि पिल्लू यांना एकटे सोडू नये.

एवढे केले तरी एका दिवसात गुण येत नाही. काही आठवडे लागतात आणि धीर धरावा लागतो.

आता महत्त्वाची गोष्ट. पिल्लू खेळता खेळता चावले, तरी कातडी फाटून रक्त आले तर ते किरकोळ समजू नका. लहान पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, आणि रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा मागचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेत उपचार घेतले तर मात्र तो टाळता येतो. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या लशीचे उपचार ज्याच्यावर सुरू झाले, तो जोसेफ माइस्टर अवघ्या नऊ वर्षांचा होता. तो वाचला.

म्हणून दात लागला की नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावून धुवा. चुना, हळद, तिखट, तेल काही लावू नका. मंत्र-तंत्र आणि उतारा यांत वेळ दवडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची ती जुनी लस आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडावर चार-पाच वेळा लस देतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे औषधही टोचतात. ठरलेल्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, एकही चुकवू नका. उशीर झाला असला तरी जा. पिल्लालाही तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढचे डोस पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे द्या.

त्या संध्याकाळी मी मुलीला घेऊन तिच्या घरी गेलो. भाऊंनी हात पाहिला आणि काही न बोलता पायात चपला सरकवल्या. रुग्णालयात रांगेत उभे असताना ते मला म्हणाले, "कुत्र्याला धाक घालायला गेलो, आणि तो पोरीला बसला."

मुलीचे सगळे डोस वेळेवर झाले. पिल्लू त्याच घरात आहे, चांगले मोठे झाले आहे आणि भाकरी पुढे ठेवण्याआधी शहाण्यासारखे खाली बसते. त्या घरात आता नवा नियम आहे. कुत्रा चावो, मांजर ओरबाडो, आधी येऊन सांगायचे, सांगणाऱ्याला कुणी रागावणार नाही. हा नियम आपणही आजच आपल्या मुलांना सांगावा, ही विनंती.