खोकला नशिबाचा नसतो, त्याला कारण असते

दरवर्षी 12 जानेवारीला विदर्भातले लोक कामठीला जाऊन बाबू हरदास एल. एन. यांना अभिवादन करतात. 'जय भीम' हे अभिवादन आपल्या ओठांवर आणणारा हा तरुण विडी कामगारांचाही नेता होता. ठेकेदारांची लूट थांबावी म्हणून त्यांनी सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू केले. 1937 साली ते आमदार झाले आणि 1939 साली गेले. वय अवघे 35. रोग होता क्षय, म्हणजे टीबी.

त्या काळी टीबीवर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते 1943 साली. आज औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. तरीही आपल्या वस्त्यांत माणसे वर्षानुवर्षे खोकतात आणि फार उशिरा दवाखाना गाठतात. गरिबी हे त्याचे कारण आहेच. पण माझे स्पष्ट मत आहे की आपली सवयही तितकीच जबाबदार आहे. 'विडी वळते, ठसका तर लागणारच.' 'मिलमध्ये आहे, धूळ तर जाणारच.' 'आता वय झालं.' एवढे बोलून आपण मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणतो. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, हे आपण विहारात ऐकतो. मग छातीच्या दुखण्यालाच नशीब का म्हणायचे?

फुलचूर गोंदियाला लागून आहे आणि गोंदिया म्हणजे राईस मिलचे गाव. धान साफ करताना, भरडताना, पोती रिकामी करताना बारीक धूळ उडते. बॉयलरमध्ये भुसा जळतो आणि त्याच्या राखडीत सिलिका भरपूर असते. डोळ्यांना दिसते ती जाडी धूळ नाकात अडकते. दिसत नाही ती बारीक धूळ फुप्फुसात उतरते. तोंडाला बांधलेला दुपट्टा तिला अडवू शकत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने धूळ उठते तिथेच ती ओढून घेण्याची व्यवस्था करायची जबाबदारी मालकावर टाकली होती. म्हणून पंखा आणि चांगला मास्क मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

घरातली गोष्ट वेगळी नाही. मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरणारी बाई विडी ओढत नाही, पण तंबाखूची धूळ तिच्या छातीत जातेच, आणि शेजारी झोपलेल्या लेकराच्याही. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, सिलिंडर घरात आला, पण तो भरायला पैसे नसले की आंघोळीचे पाणी आणि भात पुन्हा चुलीवर जातो. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायकांना सीओपीडी होतो, त्याचे मोठे कारण हा धूर आहे. या रोगात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. एका अभ्यासात एक मच्छर अगरबत्ती 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण सोडते असे दिसले. बंद खोलीत ती रात्रभर जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. वंदनेच्या वेळी अगरबत्ती लावत असाल तर दार-खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचा माणूस असेल तर नुसते फूल वाहिले तरी वंदना होते.

आता तपासणीबद्दल. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल किंवा थुंकीत रक्त दिसत असेल तर थुंकीची तपासणी करायचीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. आशाताईंना सांगितले तरी त्या मार्ग दाखवतात. टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांचा उपचार असतो. महिनाभरात बरे वाटू लागते आणि तिथेच अनेक जण गोळ्या सोडतात. सोडलेला टीबी औषधाला दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो. उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 वरून 1000 रुपये झाली आहे. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

थुंकीत टीबी नाही, तरी चढताना दम लागतो, छातीत शिट्टी वाजते, असे असेल तर स्पायरोमेट्री मागा. यात यंत्रात जोराने फुंकायचे असते. मग औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. त्यावरून दमा आहे की सीओपीडी याचा अंदाज येतो. एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका, सुरुवातीचा सीओपीडी एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि केटीएस रुग्णालय त्याला जोडलेले आहे. तिथे जाऊन विचारा. मात्र ही तपासणी ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचली पाहिजे, ही मागणी आपण सोडू नये. मजुरी बुडवून माणूस किती खेपा घालणार?

उपचारात सर्वांत मोठा अडथळा आहे पंपाची भीती. 'पंप लागला की सुटत नाही' असे म्हणतात. हिशेब बघा. साल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळीसाव्या भागाइतके औषध असते. ते थेट छातीत जाते, म्हणून कमी पुरते. याउलट झोलाछाप डॉक्टरची सुई टोचली की दोन दिवस मोकळे वाटते. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. ते वारंवार घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि दबलेला टीबी उसळू शकतो. आणि बिडी सोडल्याशिवाय कोणताही पंप पुरा पडत नाही. रुग्णाला बोलताना वाक्य पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

शेवटचा मुद्दा लाजेचा. मुलीचे लग्न अडेल म्हणून टीबी लपवला जातो, सुनेचा तर हमखास. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या समाजाने घरातल्याच माणसाचे ताट-वाटी वेगळे करावे, हे मला पटत नाही. खोकताना तोंडावर कापड धरणे, खिडकी उघडी ठेवणे आणि औषध न चुकवणे याने संसर्ग थांबतो. भांडी वेगळी करून तो थांबत नाही.

रविवारी वंदना झाली की विहारातल्या महिला मंडळाने एवढेच विचारावे : कुणाच्या घरी दोन आठवड्यांपासून खोकला आहे? हात वर झाला तर त्या बाईसोबत सोमवारी एक जण दवाखान्यात जावी. बाबू हरदासांच्या वेळी औषध नव्हते. आज आहे, आणि ते आपल्या माणसापर्यंत वेळेत पोचवणे आपल्या हातात आहे.