शून्य बिल आणि ओली भिंत

लाईटबिल जास्त आलं की आपल्या घरांत आधी माणसांची तपासणी होते. वायरिंगची नंतर, आणि बहुतेकदा नाहीच. गिझर कोणी चालू ठेवला, रात्रभर पंखा कोणाच्या खोलीत होता, यावर पंचायत बसते. आमच्याकडे नाताळात आजी ताऱ्यावर घसरते. ९ वॅटचा बल्ब रोज १२ तास, महिनाभर पेटला तरी सव्वातीन युनिटं होतात. तारा निर्दोष आहे! माझं म्हणणं, चौकशी भिंतीची करा.

बेळगावात जुनी कौलारू घरं पुष्कळ आणि पाऊसही पुष्कळ. वर्षानुवर्षांच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं, भिंत ओल धरते आणि थोडा थोडा करंट जमिनीत जात राहतो. समजा ०.३ अँपिअर. ऐकायला किरकोळ; पण २३० व्होल्टला ते ६९ वॅट झाले. पंख्याला निदान बटण असतं, ही गळती चोवीस तास चालते. महिन्याला जवळजवळ ५० युनिटं, कोणीही न वापरलेली.

कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधला घराचा सरासरी वापर आणि वर १० टक्के, एवढी वीज माफ. मर्यादा २०० युनिटांची. योजना चांगलीच आहे, आमच्या गल्लीत कित्येक घरांना तिचा आधार आहे. पण गळती त्या वर्षीही चालू असेल तर ती सरासरीत मुरली आणि माफ झाली. बिल शून्य, म्हणून कोणी कागदाकडे बघत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात ओल वाढते, आकडा २०० च्या पुढे जातो आणि सगळ्याच युनिटांचं बिल हातात पडतं. तेव्हा शिव्या कोणाला? मीटरला.

पैशाचं एक वेळ सोडा. 'पावसाळ्यात नळाला जरा झिणझिण्या येतात, चालायचंच' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता भीती वाटते. एमसीबी बसवला म्हणजे झालं, हाही गैरसमज. एमसीबी जादा लोड किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडतो, ०.३ अँपिअरची गळती त्याला कळतही नाही. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, तो साधारण ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडतो. जुन्या वायरिंगवर तो सारखा पडतो, आणि मग काय करतात? वायरमनला बोलावून तोच काढून टाकतात. तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद!

तपासणी सोपी आहे. सगळे प्लग काढा, बटणं बंद करा, फक्त मेन चालू ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा बघत बसा. लुकलुकत राहिला तर वीज कुठेतरी जातेय. आता मेनही बंद करा. थांबला, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये, वायरमन बोलवा. तरीही लुकलुकला, तर मेनच्या आधी काहीतरी जोडलंय किंवा मीटर बिघडलाय. लेखी तक्रार देऊन मीटर तपासून घ्या. भिंत उकरायच्या भानगडीत मात्र स्वतः पडू नका.

राहता राहिला भाड्याच्या खोल्यांचा प्रश्न, आपल्यातले बरेच जण तिथेच राहतात. भिंत मालकाची, वायर मालकाची, गळतीचं बिल मात्र पोरांनी वर्गणी काढून भरायचं, हे मला पटत नाही. रंगरंगोटी करून भाडं वाढवणाऱ्याने आधी अर्थिंग तपासावं, आरसीसीबी बसवावा. एका मोबाईलपेक्षा कितीतरी कमी खर्च आहे तो. आणि आपणही खोली बघायला गेल्यावर 'वायफाय आहे का?' याच्या आधी 'अर्थिंग कधी तपासलंय?' असं विचारायला शिकावं. मालक हसेल कदाचित. हसू दे, पण उत्तर घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.