मनाचे दुखणे कोणत्या भाषेत सांगायचे?

घरातले कोणी रात्र-रात्र झोपेना, बोलेनासे झाले, की आपण आधी देवाला कौल लावतो, गाऱ्हाणे घालतो. त्यात वाईट काही नाही. वर्षभर तेवढेच करीत राहतो, ते वाईट. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी आता दिग्गीसारख्या गावातही आपण चारचौघांत घेतो. मनाची गोळी मात्र लपवतो. घरात लग्नाची मुलगी असते ना!

बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. शंभर प्रौढांत जवळपास ११ जणांना मनाचा विकार आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकांवर उपचार झालेलेच नव्हते.

मधुमेह रक्त तपासून कळतो, त्याला भाषा लागत नाही. मनाचे दुखणे बोलूनच सांगावे लागते. आमचा म्हातारा कारवारला किंवा धारवाडला जाऊन कन्नडमध्ये काय सांगणार? सोबतचा मुलगा दुभाषी होतो, आणि मुलादेखत बाप मन उघडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे संमती घेण्यापूर्वी उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. मग जोयडा तालुक्यासाठी मराठी-कोकणी जाणणारा समुपदेशक मागितला, तर तो भाषावाद कसा? १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते, हे खरे. पण ज्याला रेंजसाठी टेकडी चढावी लागते, त्याने काय तिथे उभे राहून रडायचे?

येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने हा ठराव मांडावा. मजकूर कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत आम्ही लिहून देऊ.