सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

सार्वजनिक विहीर, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक सभागृह अशा पाट्या आज गावोगाव दिसतात. पण पाटी रंगविल्याने वस्तू सर्वांची होत असती, तर महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास घडलाच नसता. आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी तो पुन्हा एकदा ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

१९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात ठराव पास करून घेतला की, सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तशाच शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत. त्यास अनुसरून महाड म्युनिसिपालिटीने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात गेला, आणि तळे होते तसेच राहिले! गुरेढोरे त्यात पाणी पीत; माणसास मात्र मज्जाव. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्याबद्दल त्या लोकांवर लाठ्या चालल्या, तळ्यात शेणगोमूत्राच्या घागरी ओतून त्याची 'शुद्धी' झाली, आणि त्याच वर्षी म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला. मग तळे आमच्या वहिवाटीचे, असा दावा कोर्टात पडला. ती वहिवाट पुरातन असल्याचे शाबीत झाले नाही, असा निकाल हायकोर्टाने १९३७ साली दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

आता दुसरे चित्र पाहा. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. हौद म्युनिसिपालिटीचा नव्हता, त्यावर कसली पाटीही नव्हती. तरी तो सार्वजनिक झाला, आणि सर्वांच्या पैशाचे तळे खासगी होऊन बसले. यावरून सार्वजनिकपणाची कसोटी आम्हास स्पष्ट दिसते. गावातला सर्वांत दुबळा माणूस कोणाची परवानगी न मागता, कोणाचे तोंड न पाहता, जेथे जाऊ शकतो तेच सार्वजनिक. बाकी सारे पाटीपुरते.

कोणी म्हणेल, हा सारा भटशाहीचा दोष. आमचे त्यात काय? वाचकहो, येथे आपण आपल्याशी खरे बोलले पाहिजे. गावोगावच्या विहिरींवर पहारा करणारे हात पोथी धरणारेच नव्हते. नांगर धरणारे, ऐरण ठोकणारे, चाक फिरविणारे हातही त्यात होते. ज्याने वरच्या पायरीवरच्यास जाब विचारला, त्याने खालच्या पायरीवरच्यास वाट अडवावी, हा कोठला न्याय?

१९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांवरील जातीची आडकाठी मोडून काढली. कायदा आपले काम करून चुकला; पुढचे काम आपले आहे.

आणि ते केवळ पाण्यापुरते नाही. पूर्वी गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या बासनात बांधलेले असे, आणि त्यात काय लिहिले आहे हे घाम गाळणाऱ्यास कळत नसे. आज ग्रामपंचायतीचा पैसा सर्वांचा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तिचे कागद पाहण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण ग्रामसभेत आपण गेलोच नाही, सह्यांचे पुस्तक घरोघर फिरले, बायका दाराआड राहिल्या आणि हिशेब चौघांनीच ऐकला, तर सभेचे नाव सार्वजनिक व कारभार खासगी! बासन बदलले, गाठ तीच राहिली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पुढल्या ग्रामसभेस घरच्या मायभगिनींसह जा. विहिरीवर, मंदिरात, सभागृहात कोण अजून बाहेर उभा आहे ते पाहा, आणि त्यास सोबत घेऊन आत चला. जमाखर्च मोठ्याने वाचावयास सांगा. कळला नाही तर पुन्हा विचारा. विचारण्यात लाज नाही. जे आपले आहे ते न वापरता पडू दिले, की दुसरा त्यावर वहिवाट सांगावयास उभाच असतो.