जंगलाची ओढ आणि सरकारी नोकरी

पर्यावरणाच्या क्षेत्रात माणसे का जातात, असे विचारले की व्यासपीठावरून एकच उत्तर मिळते : निसर्गप्रेम. वनरक्षक भरतीची जाहिरात निघाली की आपल्या अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटे जी पोरे धावू लागतात, त्यांना मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मुलांनी ५ किलोमीटर ३० मिनिटांत, मुलींनी ३ किलोमीटर २५ मिनिटांत धावायचे. रानात एकटे राहवेल का, याची परीक्षा नाही. मी जाहिरात वाचून दाखवली तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "सरकारी हाये ना? मंग भरून टाक."

या उत्तराची मला पूर्वी लाज वाटे. आता वाटत नाही.

मारुती चितमपल्लींचेच पाहा. सोलापूरच्या या मुलाला रानाची ओळख आईने आणि मामाने करून दिली. म्हणजे ओढ घरचीच. पण नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही अरण्ये त्यांना वर्षानुवर्षे पायी तुडवता आली ती वनखात्याच्या नोकरीमुळे. पाखरांची आणि झाडांची नावे त्यांनी आदिवासींना विचारून गोळा केली, आणि तो माणूस २००६ साली साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला! केवळ आवड घेऊन जाणारा रविवारी संध्याकाळी परततो. पगारी माणसाचा मुक्काम तिथेच असतो. जोखीमही त्याचीच. २०२१ साली ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तरीही आमच्या वर्गातील मुली अर्ज भरतातच. त्याला नुसते पोटासाठी म्हणणे मला जमत नाही, आणि नुसते प्रेम म्हणणेही.

माझा एक मित्र धारणीकडचा, कोरकू. मेळघाटच्या पायवाटा त्याला तोंडपाठ. दमछाक होते ती इंग्रजी समानार्थी शब्दांशी. त्याला काय ओढते? "घराजवळ राहता येईल," तो म्हणतो. पण मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प आला आणि पुढे कोहा, कुंड, बोरी ही गावे जंगलातून उठली. उद्या खाकी अंगावर चढल्यावर एखाद्या कोरकू गावाला 'उठा' म्हणायची पाळी त्याच्यावरच आली तर? मी हे विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्याने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. निदान त्यांचं ऐकून तरी घेईन."

त्याने अर्ज भरला आहे. मीही भरला आहे.